पलीकडे न्यायच्या पिशव्या

सरबिनी गेला, पण पिशव्या यायच्या थांबल्या नाहीत.

चाळिसाव्याचं जेवण अजून व्हायचं होतं. एका सकाळी त्याच्या बायकोनं, मिस्नानं, आतलं दार उघडलं, तर बाहेरच्या लोखंडी जाळीला टेकून दोन फुगलेल्या पिशव्या बसलेल्या. क्षणभर तिला वाटलं, कुणीतरी सांत्वनाला आलंय आणि बेल वाजवायला संकोचतंय. मग तिनं वाकून एका पिशवीची गाठ सोडली. लहान मुलांचे कपडे, फुटबॉलचा एकच बूट, आणि पुढच्या बाजूला कालवणाचा डाग पडलेला ईदचा झगा.

तिनं पिशव्या ओढत आत आणल्या. गुडघ्यात कळ आली. आजवर हे ओढण्याचं काम सरबिनीचं होतं.

सरबिनी बसच्या डेपोत मेकॅनिक होता. सिंगापूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या किती बसगाड्यांच्या पोटात त्यानं हात घातला असेल, देव जाणे. निवृत्त झाला तेव्हा बडोक वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्याला करमेना. नळ दुरुस्त करून झाले, पंखे झाले, शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या गो यांची सायकलही झाली. मग एका लांबच्या चुलतभावाला भेटायला म्हणून तो बाताम बेटावर गेला. तानाह मेराच्या धक्क्यावर बोटीत बसलं की पाऊण तासाच्या आत माणूस पलीकडे, दुसऱ्या देशात. तिथं चुलतभावाच्या वस्तीत एक अनाथाश्रम होता. जुमाच्या, शुक्रवारच्या नमाजाला त्या आश्रमातली मुलं आली, आणि सरबिनीनं पाहिलं की दोन भाऊ पाळीपाळीनं एकच चपलांचा जोड घालून वजूला, हातपाय धुवायला जातायत.

पुढच्या खेपेला तो चपला घेऊन गेला. मशिदीत कुणाजवळ तरी बोलला. तिथून सुरुवात झाली.

आता यात कुणाची चूक होती असं म्हणवत नाही. जकात, म्हणजे धर्मानं बांधून दिलेलं दान, ठरलेली असते. वर्षाकाठी हिशेब करून भरली की माणूस मोकळा होतो. सदका, म्हणजे खुशीचं दान, मात्र मनाचा. पण सिंगापुरात सदका द्यायचा तरी कुणाला? दारात मागणारा येत नाही. रमजानात मशिदीत मटणाची पेज वाटतात, ती न्यायला माणसं गाडीतून येतात. गरीब नाहीत असं नाही, पण ते बंद दारांच्या आत असतात आणि शेजाऱ्याला कळू देत नाहीत. ज्यांच्या मनात द्यायचं होतं त्यांना सरबिनीच्या रूपानं एक वाट मिळाली. समुद्रापलीकडे खरेखुरे अनाथ आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारा एक भला माणूस आहे, हे कानोकानी झालं. माणसं पिशव्या आणून देऊ लागली.

सरबिनी आणायचा, मिस्ना उपसायची. ती कपडे वेगळे काढी, धुई, खिडकीबाहेरच्या बांबूंवर वाळत घाली, इस्त्री करी. तुटलेली बटणं सरबिनी स्वतः लावायचा. ग्रीस जन्मभर चिकटलेल्या त्या जाड बोटांत सुई अगदीच केविलवाणी दिसायची. निम्मं सामान टाकण्याच्या लायकीचं असे. रेघोट्या मारून भरलेल्या शाळेच्या वह्या, मुदत उलटलेले दुधाच्या भुकटीचे डबे, झाकण हरवलेलं मिक्सर. एकदा व्यायामाची सायकल आली. मिस्ना चिडायची. सरबिनी म्हणायचा, देणारा आपल्या हातावर ठेवतो, आपण फक्त हात. मग महिन्यातून एकदा निळ्या दोरीनं गाठोडी आवळून तो निघायचा आणि संध्याकाळच्या बोटीनं परत यायचा. काय म्हणाली मुलं, असं मिस्नानं विचारलं की सांगायचा, खूश झाली. तेवढ्यावर ती पुढच्या पिशवीला हात घालायची.

आता तो नव्हता आणि पिशव्या होत्या. कुणाला कळलं नव्हतं असं नाही. जनाज्याला सगळी मशीद लोटली होती. फौझियाना तर ओक्साबोक्शी रडली होती. ही फौझियाना म्हणजे बंगल्यांच्या बाजूला राहणारी, नवऱ्याचा जहाजांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा, मनानं मोकळी, हातानंही मोकळी. वर्षातून दोनतीनदा तिची मोठी पांढरी गाडी इमारतीखाली थांबायची आणि ड्रायव्हर लिफ्टनं फेऱ्या मारायचा. रमजानाच्या तोंडावर ती आली तेव्हा मिस्नाला मिठी मारून म्हणाली, "मकचिक, मावशी, कपाटं आवरायला काढली होती. म्हटलं, घरही मोकळं होईल आणि पुण्यही लागेल. तुमच्या दारात तर पुण्य चालत येतं."

मिस्नानं हसून मान हलवली. पुण्य चालत येत होतं खरं. फक्त ते येऊन बैठकीच्या खोलीत बसायचं आणि तिला सोफ्यापर्यंत पोचायला आडवं चालावं लागायचं.

मुलगी हसलिन्दा बँकेत होती, पुंगोलला राहायची. रविवारी नवऱ्यामुलांसह आली की पोरांना बसायला जागा नसे. तिनं पहिल्यांदा समजावलं, मग रागावली, मग घरमालकिणीसारखी खोलीभर फिरून म्हणाली की हे सगळं ती एका दिवसात उचलून टाकायला तयार आहे. मिस्ना म्हणाली, लोकांची अमानत आहे, टाकायची कशी? हसलिन्दा म्हणाली, अमानत माणूस जपायला देतो, आणि हे तर लोकांनी टाकूनच दिलंय. मिस्नानं चहा ठेवला.

पण मुलीचं बोलणं मनात राहिलं. एका पहाटे फजरच्या नमाजानंतर तिनं सगळ्यात वाईट पिशवी निवडली, बुरसट वासाची, आणि चोरासारखी इकडेतिकडे बघत लिफ्टनं खाली नेली. कचऱ्याच्या मोठ्या पेटीशी ठेवली आणि मागं न बघता वर आली. दिवसभर तिला हलकं वाटलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात म्हातारे गो, हातात तीच पिशवी.

"मिस्ना, तुमची पिशवी खाली विसरली होती," ते धापा टाकत म्हणाले. "सरबिनीची पलीकडची ना? कचरेवाला नेत होता, मी भांडून सोडवली."

तिनं त्यांचे आभार मानले, बसवून चहा दिला. ते गेल्यावर पिशवीकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली. हसावं की रडावं हेही ठरवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

ईद उरकली. पाहुणे येऊन गेले; त्यांच्यासाठी पिशव्या झोपायच्या खोलीत रचल्या होत्या, त्यामुळे तेव्हापासून ती पलंगाच्या एका कडेला झोपत होती. मग एक दिवस तिनं ठरवलं की आता पलीकडे जाऊन यायचंच. इतकी वर्षं सरबिनी जायचा, ती कधी गेली नव्हती. आधी नोकरी होती, विमानतळावर सफाईची, मग गुडघा. तिनं चाकांच्या दोन मोठ्या बॅगा घेतल्या आणि भरायला बसली. पहिली नेहमीसारखी निवडून, धुऊन भरली. दुसरीपर्यंत येता येता तिचे हात गळाले. फौझियानाच्या पिशव्या तिनं न उघडता तशाच आत कोंबल्या आणि चेन ओढली.

बोटीत तिला कुणीतरी बॅगा चढवू लागलं. पलीकडच्या धक्क्यावर मात्र तपासणीच्या टेबलाशी तिला थांबवलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण अधिकारी होती, वागायला नम्र. तिनं बॅग उघडायला सांगितली, आणि नेमकी ती दुसरी.

वर निघाला मणी लावलेला लग्नाचा चमचमता झगा. त्याखाली उंच टाचांच्या सोनेरी चपला. मग लोकरीचा जाडजूड कोट, गळ्याला केसाळ पट्टी असलेला. मग एक पोहण्याचा पोशाख, इतका तोकडा की अधिकाऱ्यानंच पटकन त्यावर कोट ओढला. मागं रांग खोळंबली होती आणि रांगेतली माणसं बघत होती.

"इबू, हे कुणासाठी?" तिनं विचारलं. तिथं वडीलधाऱ्या बाईला इबू म्हणतात.

"अनाथाश्रमासाठी," मिस्ना म्हणाली. म्हणताना तिचा तिलाच आवाज ऐकू येईना.

अधिकाऱ्यानं कोटाच्या केसाळ गळ्यावरून हात फिरवला. "आश्रमाकडे बर्फ पडायला लागलंय का, इबू?"

ती टोमणा मारत नव्हती. नुसतीच दमून गेल्यासारखी विचारत होती. असल्या बॅगा तिनं बहुधा पुष्कळ पाहिल्या असाव्यात. तिनं स्वतः सगळं परत नीट भरलं, चेन लावून दिली आणि जा म्हणाली. मिस्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात कधी आपलं घाण पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्याकडे न जाऊ देणारी बाई ती. विमानतळावरची शौचालयं तिनं आरशासारखी ठेवली होती.

आश्रम चालवणारी लास्त्री फाटकाशीच भेटली. मूळची जावा बेटावरची, विधवा, पन्नाशीची, पण चेहऱ्यावर झोपेची इतकी थकबाकी की वय कळू नये. तिनं मिस्नाचे दोन्ही हात हातात घेऊन डोळ्यांना लावले, सरबिनीची आठवण काढून डोळे पुसले. मुलींनी गोड काळा चहा आणला, तळलेली केळी आणली. मुलं एकेक करून पाया पडल्यासारखी हातावर कपाळ टेकवून गेली. आणि मग, मिस्नाला कळेना काय चाललंय, ती सगळी पायरीवर तीन रांगांत जाऊन उभी राहिली. लहानी पुढे, मोठी मागे. सगळ्यांनी एकदम दात दाखवले.

"काय झालं?" मिस्नानं विचारलं.

लास्त्री कानकोंडी झाली. म्हणाली, फोटोसाठी. तुमच्या बाजूचे पाहुणे आले की फोटो काढतात ना, त्यांना सवय झालीय.

मिस्ना म्हणाली की तिच्याकडचा फोन जुना आहे, त्यात फोटो बरे येत नाहीत. मुलांना उन्हातून घरात जायला मिळालं.

दोन मोठ्या मुलींनी बॅगा उचलून मागं नेल्या. बॅगा रिकाम्या करून परत न्यायच्या होत्या, म्हणून मिस्ना लंगडत त्यांच्यामागं गेली. स्वयंपाकघराच्या पलीकडे एक खोली होती. मुलींनी दार लोटलं ते अर्धंच उघडलं, कारण आतून काहीतरी अडत होतं. मिस्नानं डोकं आत घातलं.

खोली छतापर्यंत पिशव्यांनी भरलेली होती.

दमट वास येत होता. खालच्या थराला वाळवी लागली होती. आणि समोरच, नजरेच्या उंचीवर, निळ्या दोरीनं आवळलेली गाठोडी. ती गाठ जगात एकच माणूस मारायचा, दुहेरी पीळ देऊन, डेपोत इंजिन बांधून उचलायची सवय असलेला. प्लास्टिकमधून आतले शर्ट दिसत होते. चौकोनी घडी, कॉलर वर, बाह्या मागं. तिची घडी. तिची इस्त्री.

लास्त्री ओल्या हातांनी मागं येऊन उभी राहिली होती. तिनं मुलींना जायला सांगितलं.

"या उघडल्याच नाहीत," मिस्ना म्हणाली.

"काही उघडल्या. सगळ्या नाही."

"ह्या त्यांच्या हातच्या आहेत. म्हणजे ते असतानाच..."

"ते असतानाच, इबू." लास्त्रीनं हात ओढणीला पुसले. "त्यांना ठाऊक होतं."

मग तिनं सांगितलं. सांगायला फार नव्हतं. पहिली वर्षं कपड्यांची गरज होती, आणि मुलं ते कपडे घालून ईद करायची. पण सिंगापूरहून आणखीही माणसं येऊ लागली, शाळांच्या सहली येऊ लागल्या, कंपन्यांची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून येऊ लागली, आणि प्रत्येकजण पिशव्या घेऊन. मुलांची अंगं तेवढीच राहिली आणि कपडे डोंगराएवढे झाले. एक दिवस तिनं धीर करून सरबिनींना हीच खोली दाखवली. ते खुर्ची ओढून दारात बसले. मग म्हणाले, लोकांना नको म्हणायचं मला जमणार नाही. मी पिशवी परत केली तर त्यांना वाटेल, मी त्यांचा हात झिडकारला. मी आणत जाईन, तुम्ही ठेवत जा.

"आणि मग?"

"मग आणत राहिले. सामान ठेवायचं आणि कामाला लागायचं. पाण्याचा पंप त्यांनी तीनदा उभा केला. ही दारं, त्या मुलींच्या खाटा, सगळं त्यांच्या हातचं. दुपारी तिथं ओसरीवर झोपायचे. मुलं त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपायची. आम्हाला ते हवे होते, इबू. पिशव्या नको होत्या."

मिस्ना ऐकत होती. तिच्या मनात नवऱ्याबद्दल माया दाटून यायला हवी होती, पण आला तो संताप.

"मी इस्त्री केली होती," ती म्हणाली. "गुडघ्याला पट्टा बांधून. ते समोर बसून बटणं लावायचे. ठाऊक असताना बटणं लावायचे."

मेलेल्या माणसाची बाजू घेणं सोपं असतं, ते लास्त्रीनं केलं नाही. ती आत गेली, दोन मोडके स्टूल घेऊन आली, एक मिस्नाला दिलं, एकावर स्वतः बसली. त्या खोलीच्या तोंडाशी दोघी बायका पिशव्यांकडे बघत बसल्या.

"तुम्ही का नाही सांगितलं लोकांना?" शेवटी मिस्नानं विचारलं.

"काय सांगू? कपड्यांबरोबर तांदळाचं पोतंही येतं, इबू. कपडे नको म्हटलं की पोतंवाला रुसतो. एकदा एका बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मग गरज नाही तर तुम्हाला. पुन्हा आल्या नाहीत." तिनं स्टूल जरा भिंतीकडे सरकवलं. "रात्री कुणाला ताप येतो, कुणी अंथरूण ओलं करतं. पहाटे भात चढवायचा असतो. आणि दुपारी जरा पाठ टेकावी तर पाहुणे. मुलांना आंघोळ घाला, नवे कपडे घाला, रांगेत उभं करा, गाणं म्हणायला लावा. ते गेले की कपडे उतरवा."

"मग तुम्हाला हवं तरी काय?"

लास्त्रीनं खरोखरच विचार केला. हा प्रश्न तिला फारसा कुणी विचारला नसावा.

"झोप," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच ओशाळली.

मिस्ना उठली. तिनं बाह्या वर केल्या आणि विचारलं, दुपारच्या स्वयंपाकाचं काय काय राहिलंय. लास्त्री नको नको म्हणत राहिली. तुम्ही पाहुण्या, तुमचा गुडघा. मिस्नानं तिला हाताला धरून ओसरीपर्यंत नेलं आणि चटई दाखवली. मग ती स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसली आणि मुलींबरोबर नाळीची भाजी निवडू लागली. देठ मोडायचे, कीड बघायची, पानं टोपलीत टाकायची. मुली आधी गप्प होत्या, मग त्यांची आपसांत कुजबुज सुरू झाली, मग एकीनं दुसरीच्या ओठावरच्या लवेवरून काहीतरी चेष्टा केली आणि हसण्याचा गोंधळ उडाला. मिस्नानं त्यांना सांबालची तिखट चटणी वाटायला लावलं, सुकी मासळी तळली. हात चालत होते, आणि आत राग चालत होता. दोन्ही एकदम चालू शकतं हे तिला विमानतळाच्या नोकरीपासून ठाऊक होतं.

लास्त्री असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत झोपली. उठली तेव्हा तिच्या गालावर चटईचे वळ होते, आणि मुलं जेवून, भांडी घासून बसलेली पाहून तिला आधी भीतीच वाटली की काहीतरी विपरीत झालंय.

परतीच्या बोटीत मिस्ना रिकाम्या बॅगांवर पाय ठेवून बसली. खिडकीतून समुद्र दिसत होता, पलीकडे सिंगापूरच्या बाजूला नांगर टाकून थांबलेली जहाजं. तिला रडू आलं नाही. तिला फक्त घरी जाऊन पलंगाच्या मधोमध झोपायचं होतं.

नको म्हणणं पुढं आलं, आणि ते बॅगा ओढण्यापेक्षा जड निघालं. पहिल्या दोघातिघांना तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, काही घाई नाही, ठेवून घ्या, सवडीनं न्या. तेव्हा तिला कळलं की कारण सांगून भागायचं नाही. मग फौझियानाची गाडी आली. मिस्ना खाली उतरून गेली आणि ड्रायव्हरनं डिकी उघडण्याआधीच म्हणाली की त्यांना कपडे नकोयत. खूप आहेत. पडून कुजतायत.

फौझियानाचा चेहरा उतरला. "पण मी चांगलेच देते, मकचिक. महागातले."

"महागातले आहेत, बाळ. तिथल्या पोरी पाण्याच्या बादल्या वाहतात. सोनेरी टाचा घालून कशा वाहतील?"

फौझियानानं ड्रायव्हरला थांबायची खूण केली. मग म्हणाली, "इतकी वर्षं सरबिनी पाकचिकनी कधी असं म्हटलं नाही."

"नाही म्हटलं त्यांनी," मिस्ना म्हणाली. "चुकलं त्यांचं."

नवऱ्याच्या पाठीमागं बोललेलं हे पहिलं वाईट वाक्य होतं. गाडी पिशव्या घेऊन परत गेली.

मशिदीत कुजबुज झाली. नवरा गेल्यापासून बाईचं मन कोतं झालंय, असं कुणी म्हणालं. पुण्याचं दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं, असंही म्हणालं. मिस्नाच्या कानावर आलं. तिला ते लागलं; लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. नमाजाला ती काही दिवस मागच्या ओळीत, खांबाआड बसू लागली. काही जण तरीही गुपचूप दारात पिशवी ठेवून जात. त्या ती म्हाताऱ्या गोंना आधी नीट बजावून खाली ठेवू लागली. गोंना वाईट वाटायचं, पण ते आता उचलून आणत नसत.

दर दुसऱ्या गुरुवारी ती पलीकडे जायची. रिकाम्या हातानं. खांद्याला एक छोटी पिशवी, त्यात गुडघ्याचं मलम आणि नमाजाची पांढरी ओढणी. पहिल्या खेपेला त्या अधिकारी मुलीनं तिच्यामागं बॅगा शोधल्या, आणि नाहीत म्हणून तिच्याकडे बघून मान हलवली. तिथं जाऊन मिस्ना स्वयंपाक करायची, एखाद्या आजारी पोराला मांडीवर घ्यायची, आणि लास्त्री झोपायची. खोलीतल्या पिशव्या दोघींनी मिळून हळूहळू उपसल्या. थोडे कपडे अंगाला लागले, पुष्कळ चिंध्या झाल्या आणि होड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या कारखान्यात पुसायला गेल्या. इस्त्री केलेला एक शर्ट मिस्नानं बाजूला काढला आणि मग परत ढिगात टाकला.

फौझियाना पुढं एकदा तिच्याबरोबर आली. स्वतःच फोन करून म्हणाली, येऊ का. बोटीत तिला मळमळलं. आश्रमात तिनं सवयीनं फोन बाहेर काढला, पण मुलं भांडी घासण्यात गुंतली होती आणि कुणी वर बघेना, तेव्हा तिनं तो परत ठेवला. कांदे सोलायला बसली. नखं लांब असल्यानं सोलता येईनात, तरी टोपलीभर संपवले. उकाड्यानं तिचा जीव नकोसा झाला होता. परतताना म्हणाली, मकचिक, मला हे जमायचं नाही. मिस्ना म्हणाली, नसू दे. तेव्हापासून आश्रमाच्या स्वयंपाकाचा गॅस फौझियानाकडून येतो, वेळच्या वेळी, कुणाला न सांगता. लास्त्रीला त्याचा मोठा आधार झाला.

एका रविवारी हसलिन्दा आली. पोरं सोफ्यावर उड्या मारत होती. आता तिथं उड्या मारायला जागा होती. मायलेकी स्वयंपाकघरात होत्या. मिस्नानं खोलीची ती गोष्ट लेकीला आजवर सांगितली नव्हती, बापाबद्दल तिच्या मनात काही येऊ नये म्हणून. त्या दिवशी सांगितली. सगळी, बटणांसकट.

हसलिन्दा हातातली सुरी खाली ठेवून ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबांना नाही म्हणता यायचंच नाही कधी. मी लहानपणी मागितलेलं सगळं मला मिळायचं, आणि तू मागं बसून काटकसर करायचीस."

"हो."

"अजून राग आहे तुला त्यांचा?"

मिस्नानं भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "आहे थोडा," ती म्हणाली. "ते असते तर मी एकदा कडाडून भांडले असते आणि संपवला असता. आता एकटीनं संपवायचा म्हणजे वेळ लागणार."

मग तिनं पोरांना जेवायला हाक मारली.